इंजिन गजाचं, हात माझा

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेने मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मी सहीपलीकडे फारसं पेन न धरलेला माणूस. बेचाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं खोलली आणि बांधली, एवढीच माझी विद्या. पण खांद्यावर शाल पडली की मुक्यालाही वाचा फुटते. मागच्या फलकावर विषय लिहिला होता, 'बुद्धी आणि कष्ट असतील तर पैसा मागे धावत येतो'. मी त्यावर चांगला अर्धा तास बोललो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेलं वर्कशॉप, आज तिथे काम करणारी नऊ माणसं, दोन लेथ, दारातली गाडी, सगळं सांगून झालं. डोकं चालवा, घाम गाळा, पैसा झक मारत येतो, असं ठोकून दिलं. टाळ्याही जोरात पडल्या.

चहाच्या वेळी सायली पुढे आली. सायली म्हणजे माझा जुना जोडीदार गजा, त्याची मुलगी. डिप्लोमा करून ती आता बापाबरोबर घरामागच्या पडवीत, येतील तेवढी बोटींची इंजिनं दुरुस्त करते. माजी विद्यार्थिनी म्हणून तिलाही बोलावलं होतं. बशी हातात धरून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, मग आमच्या बाबांकडे काय कमी होतं? डोकं की कष्ट?"

मी हातातला बटाटेवडा परत बशीत ठेवला. "सांगतो गो कधीतरी," म्हणालो आणि चपला शोधायच्या निमित्ताने तिथून सटकलो.

सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगायला हवा. मासेमारी बोटीत बसवलेली बरीचशी इंजिनं मुळात ट्रकचीच असतात. फरक एवढाच, की ट्रक घाटात बंद पडला तर ड्रायव्हर खाली उतरून विडी पेटवतो. बोट बंद पडली तर उतरणार कुठे? वारा आणि पाण्याची ओढ तिला वाटेल तिकडे नेते, आणि आत सात-आठ माणसं असतात. म्हणून बोटीच्या मेकॅनिकला 'बघू, होईल' असं म्हणून चालत नाही. होईल तर होईल म्हणायचं, नाहीतर बोट सोडू नको म्हणून सांगायचं. 

इंजिनात काय बिघडलंय ते बहुतेक वेळा कानाने कळतं. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. एकदा हर्णेच्या एका तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा, भर लिलावाच्या वेळी फोन आला, इंजिन काळा धूर ओकतंय. मागे म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या बोलीचा गलका. मी म्हटलं, "फोन इंजिनाजवळ धर आणि एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट सैल कर. जो सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो झोपलेला." तिसऱ्याला आवाज बदलला नाही. "त्याचं नोझल बदल," म्हटलं. झालं काम. त्याने नुसतं "देव बरं करो" म्हणून फोन ठेवला. आमच्याकडे सांगण्याचे पैसे कुणी देत नाही, हात काळे केले तरच देतात. तेव्हा बुद्धीचा भाव काय, तो इथेच कळतो.

ही कानाची विद्या आम्हाला दिली हुसेनचाचांनी. आमचे उस्ताद. मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांची टपरीवजा शेड होती. मी आणि गजा एकाच महिन्यात त्यांच्याकडे लागलो. चाचा म्हणायचे, "गजाला अल्लाने कान दिलेत आणि सुऱ्याला जीभ." ते खरंच होतं. मी पाच मिनिटं ऐकून जे सांगे, ते गजा धक्क्यावरून चालत येतानाच ओळखायचा. कष्टातही तो माझ्या दोन पावलं पुढे. बनियनवर, पोटावर झोपून, बोटीच्या बुडाशी चार-चार तास. बाहेर आला की फक्त डोळे पांढरे दिसायचे. मी पण कामाला वाईट नव्हतो हां! खोटा नम्रपणा मला जमत नाही. पण गजा तो गजाच.

चाचा थकल्यावर आम्ही दोघांनी मिळून मिरजोळ्याला शेड घेतली. निम्मी त्याची, निम्मी माझी.

आता हातगुण. हा शब्द तुम्ही डॉक्टरच्या बाबतीत ऐकला असेल, आमच्या बंदरावर तो मेकॅनिकच्याही बाबतीत चालतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्राला गेला की हंगाम उघडतो. त्या दिवशी इंजिनाला हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि हंगामातलं पहिलं स्टार्टिंग मेकॅनिकच्या हातून करायचं. ज्याच्या हातून सुरू झालं त्याच्या हातगुणाने पहिली फेरी होते, असा समज. परत आल्यावर पहिल्या म्हावऱ्यातला वाटा त्याच्या घरी पोचवायचा. हात ज्याचा चांगला, त्याला वर्षभराचं काम.

त्या वर्षी धोंडूशेठच्या बोटीचं इंजिन पूर्ण खोललं होतं. अख्खा पावसाळा गजा त्यावर बसला होता. मी तेव्हा दुसरीकडे गिअरबॉक्स करत होतो. धोंडूशेठच्या इंजिनाला मी स्पॅनर लावला नव्हता, हे आज लिहून ठेवतो. पौर्णिमेला सकाळी पूजा झाली. तेव्हा बटण नव्हतं, हँडल मारायचं असे. गजाने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सुऱ्या, तू मार," तो म्हणाला. "माझा चुलता गेला, मुंबईला. आत्ता येताना तार हातात पडली."

म्हणजे सुतक. सुतकातला हात मुहूर्ताच्या इंजिनाला कसा लावणार? धोंडूशेठने माझ्याकडे बघितलं. मी हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. लागणारच, गजाने बांधलेलं होतं.

ती बोट तिसऱ्या दिवशी परत आली ती पाण्यात खोल बसलेली. पापलेटच पापलेट! बरोबर नेलेला बर्फ पुरला नाही, दुसऱ्या बोटीकडून मागून घ्यावा लागला. धोंडूशेठ धक्क्यावरूनच ओरडला, "सुरेशचा हात सोन्याचा हाय रे, सोन्याचा!" बंदरावर चार माणसांनी ऐकलं की चारशेंना कळतं. मी म्हणालो, "शेठ, काम गजाचं होतं." तो हात झटकून म्हणाला, "गप रे, काम कोण पण करतो."

एकदाच म्हणालो. पुन्हा म्हणालो नाही.

त्या दिवशी माझ्या घरी ताटभर पापलेटं आली. आमच्या हिने तळली, दुपारी शेडमध्ये डबा आणला. गजा समोर बसून भात आणि बिनफोडणीचं वरण खात होता, सुतकाचं. मी एकामागून एक तुकडी संपवत होतो. त्याने विचारलं, "कसं झालंय रे?" मी बोटं चाटत म्हटलं, "झकास." सुतक संपल्यावर खाईल म्हणून त्याच्यासाठी दोन पापलेटं राखावीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बुद्धिमान म्हणे मी!

पुढच्या पौर्णिमेला सहा बोटींनी मलाच बोलावलं. मी मुद्दाम एकीवर गजाला पाठवलं, म्हटलं होऊ दे त्याचंही नाव. इंजिन घड्याळासारखं चाललं. पण जाळं खडकाला लागून फाटलं आणि बोट रिकामी आली. आता जाळ्याचा आणि इंजिनाचा संबंध काय? पण तांडेल म्हणाला, "गजाचा हात नको रे बाबा." संपलं. त्यानंतर काम करायचा गजा आणि हँडल मारायचो मी. दोन-तीन वर्षं हे चाललं. मग एक दिवस गजा म्हणाला, "मी आपला सुटा होतो. कारखान्यात टर्नरची जागा आहे." त्याने भागी सोडली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला. घर बांधलं तेही चिऱ्याचं, दोन खोल्यांचं, पडवी सोडून.

मी 'थांब' म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. बंदर माझं ऐकत नाही, मी एकटा काय करणार, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते निम्मं खरंही आहे. पण उरलेलं निम्मं असं, की तो सोन्याचा हात मला आवडायला लागला होता.

या हाताने माझी करमणूकही पुष्कळ केली. मी हिरवा शर्ट घालून हँडल मारलं, त्या फेरीत एका तांडेलाला घबाड मिळालं. त्याने सलग पाच वर्षं मला तोच शर्ट घालायला लावला. कॉलर विरली, कोपर बाहेर आलं, ही म्हणाली, "अहो, बोहारीणसुद्धा घेणार नाही हा!" पण तांडेल म्हणे, "अण्णा, फाटला तरी चालेल, हिरवा हवा." आणखी एकाने तर मला फोन करून 'इथूनच हात लावा' म्हणत आपला फोन इंजिनावर टेकवला होता.

हसण्यावारी नेतो, पण एक सांगतो. हातगुणाने गिऱ्हाईक दारात आलं, ते टिकलं मात्र माझ्या कामामुळे. समुद्रात इंजिनं बंद पडायला लागली असती, तर सोन्याच्या हाताला दुसऱ्या हंगामात कुणी विचारलं नसतं. डोकं आणि मेहनत लागतेच, त्यात मी तसूभर मागे हटणार नाही. पण ती दोन्ही गजाकडे माझ्यापेक्षा जास्त होती आणि त्याच्या दारात कुणी आलंच नाही. सायलीला द्यायचं उत्तर हेच होतं. एवढं साधं उत्तर तोंडातून काढायला मला वर्ष लागलं.

आता मी बहात्तर वर्षांचा. वर्कशॉप मुलगा बघतो. तरी पौर्णिमेला मला गाडी येतेच. खुर्चीवर बसवतात, चहा देतात, बटण दाबून घेतात. या वर्षी विलासशेठचा फोन आला, म्हणजे धोंडूशेठच्या मुलाचा. म्हणाला, "अण्णा, इंजिन गजाभाऊंच्या मुलीने बांधलंय. स्वस्तात करते म्हणून दिलं. पण स्टार्टिंग तुमच्याच हातून हां!"

मी दोन दिवस आधीच बंदरावर जाऊन आलो. सायली बोटीच्या पोटात होती आणि विलासशेठ वर धुसफुसत होता. बोट पाण्यात उतरून एक दिवस झाला होता आणि ही पोरगी इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडायला तयार नव्हती.

"किनाऱ्यावर होती तेव्हाच जोडून टाकायचं ना," विलासशेठ म्हणाला.

आतून आवाज आला, "शेठ, लाकडी बोट पाण्यात उतरली की फळ्या फुगतात, अंग बदलतं तिचं. वर सरळ जोडलेला शाफ्ट पाण्यात वाकडा होतो. उद्या जोडीन. घाई असेल तर दुसरा मेकॅनिक बघा."

अगदी गजा! कामाच्या बाबतीत मालकालाही न जुमानणारा. दुसऱ्या दिवशी तिने जोड केला तेव्हा मी वाकून पाहिला. जोडाच्या दोन चकत्यांमधल्या फटीत पातळ पत्र्याची पट्टी सगळीकडून सारखीच जात होती. माझ्या नऊ माणसांत एवढं नेटकं काम करणारा एक नाही. मी विचारलं, "आता पुढे कुणाकुणाच्या बोटी?"

"ही एकच काका," ती हात पुसत म्हणाली. "हिच्यावर पुढचं ठरेल. नाहीतर पुण्याला नोकरी आलीय, हो म्हणून कळवायचंय. बाबा म्हणतात, जा. बंदरावर आपल्या घराला हात नाही."

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, एवढंच सांगतो.

पौर्णिमेला सकाळी धक्क्यावर गर्दी. इंजिनाला फूल वाहिलेलं, नारळ फुटलेला. भरती ओसरायच्या आत बोट बाहेर काढायची होती, नाहीतर बंदराच्या तोंडाशी गाळात टेकली असती. गजा मागे खांबाला टेकून उभा होता, लेकीचं काम बघायला आलेला. पुढे यायची त्याला सवय नाही. विलासशेठने मला हात धरून आत उतरवलं. "चला अण्णा, लावा सोन्याचा हात."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"विलास, मला नाय जमणार," मी म्हणालो. "माझा चुलता गेला, मुंबईला."

विलासशेठने मला खालून वर न्याहाळलं. "अण्णा, तुमचे चुलते अजून होते?"

"होते म्हणजे? शंभरीला टेकले होते."

"मग तुमच्या मुलाला बोलावतो, दहा मिनिटांत येईल."

"अरे शहाण्या, चुलता माझा म्हणजे त्याचा कोण? सुतक घराला असतं की एकट्याला?"

तांडेल वरून ओरडला, "शेठ, पाणी उतरतंय!" विलासशेठने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "जिने इंजिन बांधलं ती इथे उभी आहे. तिच्या हाताला काय झालं? तुझ्या बापाच्या वेळी इंजिन या पोरीच्या बापाने बांधलं होतं आणि मी नुसतं हँडल मारलं होतं. त्याला सुतक होतं म्हणून. तेव्हा पण हात गजाचाच लागला होता, फक्त माझ्या मनगटाला चिकटलेला. चौतीस वर्षं मी हे बोललो नाही. आता सगळ्यांच्या समोर बोलतोय."

विलासशेठला वाद घालायला वेळच नव्हता. त्याने सायलीला मान हलवून खूण केली. तिने हात पँटला पुसले, बापाकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं. इंजिन लागलं. मी सवयीने पाना कानाला लावला आणि लगेच खाली ठेवला, गरज नव्हती.

गजा खांबापाशी नव्हता. कधी निघून गेला ते मला कळलं नाही.

घरी पोचतो तर ही दारातच. विलासशेठच्या बायकोने सांत्वनाचा फोन केला होता. "कोण चुलते हो? तुमचे एकुलते एक चुलते आपल्या लग्नाच्या आधीच गेले ना?" मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "देवाच्या दारात खोटं बोललात. आता दहा दिवस पाळायचं. देवाला हात नाही, देवळात पाय नाही आणि घरात मासा नाही."

"अगो, आत्ता तर हंगाम उघडला!"

"ते चुलत्याला मारण्याआधी सुचायला हवं होतं."

बोट चौथ्या दिवशी परत आली. पापलेटचा ढीग वगैरे काही नाही, बरं मिळालं म्हणण्याइतकं. पण येताना बाहेर वारा सुटला होता, दोन बोटींची इंजिनं बंद पडून त्या ओढून आणाव्या लागल्या होत्या, आणि त्यातली एक विलासशेठच्या बोटीने ओढून आणली. त्या दोन्ही बोटींचे मालक संध्याकाळी सायलीच्या पडवीत बसले होते, असं मुलाने येऊन सांगितलं. आमची दोन गिऱ्हाइकं गेली म्हणून तो जरा चिडलाच होता. मी म्हटलं, "मेल्या, तू पण शाफ्ट पाण्यात जोडायला शीक."

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. गजा आला होता, हातात दोन पुडाचा डबा. पहिल्या फेरीचा वाटा त्याच्या घरी गेला होता. त्या घरात आजवर कधी न गेलेला. आम्ही ओटीवर बसलो. हिने माझ्यासमोर भात आणि बिनफोडणीचं वरण आणून ठेवलं. गजाने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे आपला डबा उघडला. तळलेल्या पापलेटचा वास ओटीभर पसरला. तो माझ्यासमोर बसून सावकाश, काटा काटा वेगळा करत जेवला. मला वाढायचं नावसुद्धा काढलं नाही.

माझ्याने राहवेना. "कसं झालंय रे?" मी विचारलं.

"झकास," गजा म्हणाला.

मग हात धुऊन आला, डबा पुसला, झाकण लावलं. फाटकापर्यंत गेला आणि थांबला.

"सुऱ्या, दहा दिवस झाले की घरी ये जेवायला," तो म्हणाला. "तुझा वाटा मिठात घालून ठेवलाय."